स्तनाच्या कर्करोगावर उपचार सुरू असताना चिंतेवरील औषध कसे निवडावे

स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेनची गोळी गिळली की ती लगेच कामाला लागते असे नाही. यकृतातील सीवायपी २डी६ नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, तिचे रूपांतर एन्डॉक्सिफेनमध्ये करण्यास हातभार लावते आणि स्तनाच्या पेशींवरील इस्ट्रोजेनची वाट अडवण्याचे काम मुख्यतः हे एन्डॉक्सिफेन करते. चिंता आणि नैराश्य यांसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या नेमक्या याच विकराला अडवून धरतात. अशा वेळी दोन्ही औषधे आपापल्या जागी चांगली असूनही एक दुसऱ्याचे पाय ओढू लागते आणि रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण एन्डॉक्सिफेन कमी झाल्याचे कोणतेही लक्षण अंगावर दिसत नाही.

म्हणूनच ‘चिंतेवरचे कोणते औषध सुरक्षित आहे?’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. कर्करोगाच्या कोणत्या उपचारासोबत, कोणत्या तक्रारीसाठी आणि किती काळ, हे त्याला जोडले की मगच त्याचे उत्तर देता येते. पुढील मांडणी त्याच क्रमाने केली आहे. ती वाचून कोणी स्वतःहून गोळी सुरू करू नये आणि चालू असलेली गोळी तर अजिबात बंद करू नये. डॉक्टरांसमोर बसताना योग्य माहिती आणि योग्य प्रश्न हाताशी असावेत, एवढाच तिचा उपयोग आहे.

पहिली पायरी: पोटात जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची यादी

एका कागदावर सध्याच्या सर्व औषधांची नावे, मात्रा आणि घेण्याची वेळ लिहावी. कर्करोगाच्या गोळ्या आठवणीने लिहिल्या जातात. निसटतात त्या बाकीच्या. केमोनंतर मळमळीसाठी दिलेली ऑन्डान्सेट्रॉन किंवा मेटोक्लोप्रमाइड, सोबतचे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, दुखण्यासाठी दिलेले ट्रॅमाडॉल, रक्तदाबाची, थायरॉइडची आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी या सर्वांची नोंद हवी. महिन्याने किंवा तीन महिन्यांनी घ्यावयाची इंजेक्शने तारखांसह लिहावीत, कारण रोज घ्यावे न लागणारे औषध हमखास विसरले जाते.

दोन औषधे या यादीतून फार वेळा सुटतात. एक म्हणजे धूम्रपान सोडण्यासाठी दिले जाणारे ब्युप्रोपिऑन. ते मुळात नैराश्यावरचे औषध आहे आणि सीवायपी २डी६ ला जोरकसपणे अडवते. पण ‘सिगारेट सोडायची गोळी’ म्हणून घेणाऱ्याच्या मनात तिचा कर्करोगाशी संबंध येत नाही. दुसरे म्हणजे नखांच्या बुरशीसाठी काही आठवडे किंवा महिने घेतले जाणारे टर्बिनाफिन. तेही त्याच विकराला तितक्याच जोराने अडवते. वनस्पतिजन्य गोळ्या, काढे, झोपेसाठी दुकानातून घेतलेल्या गोळ्या आणि मद्य यांचीही नोंद संकोच न बाळगता करावी.

याच कागदावर यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, पूर्वी आलेले झटके, दमा आणि काचबिंदू यांपैकी काही असल्यास ते लिहावे. पूर्वी चिंतेवर एखादे औषध घेतले असेल, तर त्याचा गुण आला होता का, हेही नोंदवावे. आधी लागू पडलेले औषध पुन्हा लागू पडण्याची शक्यता चांगली असते.

दुसरी पायरी: ही चिंताच आहे का?

निदानानंतर भीती वाटणे, रात्री झोप उडणे, तपासणीच्या आदल्या दिवशी पोटात गोळा येणे हे स्वाभाविक आहे. मात्र कर्करोगाच्या उपचारांमध्ये चिंतेचे सोंग घेऊन येणारे शारीरिक त्रासही बरेच असतात. त्यांच्यावर चिंतेची गोळी दिली, तर मूळ त्रास तसाच राहतो आणि एक औषध विनाकारण वाढते. माझ्या मते सर्वाधिक चुका याच पायरीवर होतात, म्हणून येथे थोडे रेंगाळणे आवश्यक आहे.

केमोच्या दिवशी आणि त्यानंतरचे दोनतीन दिवस डेक्सामेथासोन घेणाऱ्या रुग्णांना झोप न लागणे, मन भरकटणे, चिडचिड आणि बेचैनी हमखास जाणवू शकते. त्रास प्रत्येक केमोनंतर ठराविक दिवशी येतो आणि आपोआप ओसरतो, असे दिनदर्शिकेवरील नोंदींवरून दिसले, तर संशयाची सुई स्टेरॉइडकडे वळवावी. अशा वेळी स्टेरॉइड सकाळी घेता येईल का किंवा त्याची मात्रा कमी करता येईल का, एवढे विचारल्यानेही प्रश्न सुटू शकतो.

मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही मळमळीवरची औषधे काही जणांमध्ये विचित्र अस्वस्थता निर्माण करतात. एका जागी बसवत नाही, पाय सतत हलवावेसे वाटतात, आतून कोणीतरी ढकलत असल्यासारखे होते. वैद्यकीय भाषेत याला अकॅथिसिया म्हणतात. बाहेरून ती अगदी घबराटीसारखी दिसते. पण इलाज मळमळीचे औषध बदलण्यात असतो.

टॅमॉक्सिफेन, अरोमाटेझ इन्हिबिटर (शरीरात इस्ट्रोजेन बनू न देणाऱ्या गोळ्या) किंवा बीजाशयांचे काम थांबवणारी इंजेक्शने यांमुळे अंगातून उष्णतेच्या लाटा येतात. अचानक तापलेला चेहरा, घाम आणि छातीतली धडधड हे चित्र घबराटीच्या झटक्याशी इतके जुळते की रुग्णही फसतो. लाट आधी येते आणि भीती मागून येते की याच्या उलट होते, हे आठवडाभर टिपून ठेवल्यास फरक ओळखता येतो.

याखेरीज रक्तक्षय, थायरॉइडचे बिघाड (विशेषतः पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी सुरू असल्यास), रक्तातील कॅल्शियम वाढणे, न आवरलेली वेदना आणि अनेक वर्षांची झोपेची गोळी किंवा मद्य एकाएकी बंद केल्यामुळे येणारी तगमग हीही कारणे तपासावी लागतात. हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोडियम, कॅल्शियम आणि साखर यांची साधी रक्ततपासणी बहुतेक शंका दूर करते.

काही लक्षणे मात्र घरी बसून जोखण्याची नाहीत. एकाएकी धाप लागणे, श्वास घेताना छातीत दुखणे, एका पायाला सूज येऊन तो दुखणे किंवा चक्कर येऊन पडणे यांपैकी काहीही झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. कर्करोगात आणि टॅमॉक्सिफेन घेताना रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो आणि फुप्फुसात अडकलेल्या गाठीचे पहिले लक्षण ‘खूप घाबरल्यासारखे होणे’ हेही असू शकते. डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रास्टुझुमॅब ही हृदयावर परिणाम करू शकणारी औषधे घेतलेल्या रुग्णाला धाप आणि धडधड सुरू झाल्यास हृदयाची तपासणी आधी करावी.

तिसरी पायरी: चिंता मोजणे आणि औषध हवे का ते ठरवणे

‘फार टेन्शन येते’ या वाक्यावरून डॉक्टरांना मात्रा ठरवता येत नाही. जीएडी-७ ही सात प्रश्नांची छोटी प्रश्नावली त्यासाठी सोयीची आहे. मागील दोन आठवड्यांतील त्रासाला प्रत्येक प्रश्नात ० ते ३ गुण द्यायचे असतात. एकूण गुण २१ पर्यंत जाऊ शकतात. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम आणि १५ पासून तीव्र चिंता मानली जाते. सुरुवातीचा आकडा लिहून ठेवल्यास पुढे औषधाचा गुण येतो आहे की नाही, हेही त्याच मापाने पाहता येते.

सौम्य चिंतेत गोळीची घाई नको. समुपदेशन, विचारांची घडण बदलण्यावर आधारलेली वर्तनोपचार पद्धत, सजगतेचा सराव आणि झेपेल तितका नियमित व्यायाम यांचा उपयोग कर्करोगाच्या रुग्णांमध्ये तपासलेला आहे आणि त्यांची कोणत्याही केमोशी टक्कर होत नाही. मध्यम किंवा तीव्र चिंतेतही हे उपचार बाजूला पडत नाहीत. औषध त्यांच्या जोडीला येते. मात्र जेवण, झोप किंवा कर्करोगाचा उपचारच चिंतेमुळे अडू लागला असेल, उदाहरणार्थ केमोच्या भीतीने रुग्ण तारखा टाळत असेल, तर औषध लांबणीवर टाकण्यात शहाणपण नाही. चिंतेसोबत नैराश्य आहे का, हेही याच वेळी पाहिले जावे. जगणे नकोसे वाटण्याचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर ते त्याच दिवशी घरच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगावेत.

चौथी पायरी: चालू उपचारासमोर औषध ठेवून पाहणे

*टॅमॉक्सिफेन चालू असल्यास*

हे औषध सहसा रोज २० मिलिग्रॅम याप्रमाणे पाच वर्षे आणि काही रुग्णांना दहा वर्षे दिले जाते. एवढ्या दीर्घ काळात कधी ना कधी चिंतेच्या किंवा नैराश्याच्या औषधाची गरज पडू शकते, म्हणून ही माहिती पहिल्या दिवसापासून जवळ असावी. स्तनाचा कर्करोग झालेल्या पुरुषांनाही टॅमॉक्सिफेन दिले जाते आणि त्यांनाही हे सर्व तसेच लागू आहे.

पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन आणि ब्युप्रोपिऑन ही तीन औषधे सीवायपी २डी६ ला सर्वाधिक अडवतात. टॅमॉक्सिफेनसोबत ती टाळावीत. ड्युलोक्सेटिनचा अडथळा मध्यम स्वरूपाचा आहे. सर्ट्रालिन कमी मात्रेत सौम्य असते, पण मात्रा चढवत नेली की अडथळा वाढतो. सिटालोप्राम आणि एस्सिटालोप्राम यांचा अडथळा सौम्य आहे, तर व्हेन्लाफॅक्सिन, डेस्व्हेन्लाफॅक्सिन आणि मिर्टाझापिन यांचा अतिशय कमी. त्यामुळे टॅमॉक्सिफेनसोबत चिंतेवर रोजची गोळी द्यायची झाल्यास बहुधा व्हेन्लाफॅक्सिन किंवा एस्सिटालोप्राम यांचे नाव पुढे येते. व्हेन्लाफॅक्सिनचा एक अधिकचा लाभ असा की ३७.५ ते ७५ मिलिग्रॅम इतक्या मात्रेत ते उष्णतेच्या लाटाही कमी करते. मात्र त्याने रक्तदाब वाढू शकतो आणि एखाददुसरी गोळी चुकली तरी चक्कर, मळमळ व डोक्यात झिणझिण्या असा त्रास होऊ शकतो. विसराळू माणसाने हे आधीच डॉक्टरांना सांगितलेले बरे.

हा धोका प्रत्यक्षात किती, याविषयी प्रामाणिकपणे दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातील, टॅमॉक्सिफेनसोबत पॅरॉक्सेटिन, सर्ट्रालिन यांच्या (एसएसआरआय) गटातील एखादे औषध घेणाऱ्या २,४३० स्त्रियांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. टॅमॉक्सिफेनच्या कालावधीपैकी २५, ५० आणि ७५ टक्के काळ पॅरॉक्सेटिन सोबत घेतले असता स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू होण्याचा धोका अनुक्रमे २४, ५४ आणि ९१ टक्क्यांनी वाढल्याचे त्यात आढळले. नंतरच्या काही मोठ्या अभ्यासांत असा धोका दिसला नाही. मग निर्णय कसा करायचा? मला तो अवघड वाटत नाही: तितकेच गुणकारी दुसरे औषध उपलब्ध असताना वादातले औषध घेण्याचे कारण उरत नाही. त्याच वेळी, काही महिने दोन्ही गोळ्या एकत्र घेतल्या गेल्या हे आता लक्षात आले असेल, तर सर्व उपचार वाया गेला असे समजून हाय खाण्याचेही कारण नाही. पुढील भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे, एवढे पुरे.

सीवायपी २डी६ ची ताकद जन्मतःच कमी असलेली माणसे असतात आणि ती ओळखणारी जनुकीय चाचणीही आहे; परंतु केवळ टॅमॉक्सिफेन ठरवण्यासाठी ती सरसकट करण्याची शिफारस केली जात नाही.

*अरोमाटेझ इन्हिबिटर चालू असल्यास*

अॅनास्ट्रोझोल, लेट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन ही औषधे सीवायपी २डी६ वर अवलंबून नसल्यामुळे येथे निवडीला बरीच मोकळीक मिळते. ड्युलोक्सेटिनचा येथे विचार करता येतो, कारण या गोळ्यांमुळे होणाऱ्या सांधेदुखीवर आणि केमोमुळे हातापायांच्या नसांत होणाऱ्या वेदनेवरही त्याचा उपयोग होतो. काळजी वेगळ्याच गोष्टीची घ्यावी लागते: अरोमाटेझ इन्हिबिटरने हाडे विरळ होतात आणि झोप आणणाऱ्या गोळीने तोल जाऊन पडल्यास हाड मोडण्याची शक्यता वाढते.

*सीडीके ४/६ रोधक चालू असल्यास*

कर्करोगाच्या पेशींचे विभाजन रोखणाऱ्या या गोळ्यांच्या गटातील रायबोसिक्लिब हृदयाच्या विद्युत लहरींमधील क्यूटी हे अंतर वाढवू शकते, म्हणून ते सुरू करण्यापूर्वी आणि पहिल्या सायकलमध्ये सुमारे १४ व्या दिवशी ईसीजी काढला जातो. सिटालोप्राम मात्रेनुसार हेच अंतर वाढवते आणि एस्सिटालोप्राम काहीसे कमी प्रमाणात. हायड्रॉक्सिझिन या अॅलर्जी व चिंतेवरच्या गोळीचाही हाच दोष आहे. त्यात मळमळीसाठी ऑन्डान्सेट्रॉनची भर पडली आणि उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम उतरले, तर ठोक्यांची धोकादायक अनियमितता उद्भवू शकते. म्हणजे टॅमॉक्सिफेनच्या यादीत वरचे स्थान मिळवणारे सिटालोप्राम रायबोसिक्लिबच्या यादीत तळाला जाते. येथे सर्ट्रालिनसारखा पर्याय अधिक बरा ठरू शकतो. मात्र ईसीजी आणि पोटॅशियम-मॅग्नेशियमची तपासणी चुकवू नये. रायबोसिक्लिब सीवायपी ३ए४ या दुसऱ्या विकरालाही अडवत असल्यामुळे अल्प्राझोलाम आणि बस्पिरोन या चिंतेवरच्या गोळ्यांची रक्तातील पातळी त्यामुळे वाढू शकते. पाल्बोसिक्लिब आणि अॅबेमासिक्लिब यांत क्यूटीची चिंता तितकी नसते.

*केमोथेरपी आणि इतर उपचार*

केमोच्या काळात पांढऱ्या पेशींप्रमाणे प्लेटलेटही घटतात. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन आणि त्यांच्या गटातील औषधे रक्तस्राव होण्याची प्रवृत्ती थोडी वाढवतात. सोबत अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा रक्त पातळ करणारे औषध असेल, तर हिरड्यांतून रक्त येणे किंवा काळी शौच होणे याकडे दुर्लक्ष करू नये. मळमळ, भूक नसणे आणि झोप उडणे हे तिन्ही त्रास चिंतेसोबत असल्यास रात्री घ्यायचे मिर्टाझापिन उपयोगी पडू शकते. वजन आधीच वाढत असेल, तर मात्र ते गैरसोयीचे ठरते. मळमळीवर दिले जाणारे अॅप्रेपिटंट सीवायपी ३ए४ ला काही दिवस अडवते, म्हणून त्या दिवसांत अल्प्राझोलाम नेहमीपेक्षा जास्त गुंगी आणू शकते.

ट्रास्टुझुमॅब आणि पर्टुझुमॅब ही हर२-पॉझिटिव्ह प्रकारच्या स्तनाच्या कर्करोगावरची प्रतिपिंडे यकृतातील या विकरांमधून जातच नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी फारसा संघर्ष होत नाही. त्याच प्रकारच्या कर्करोगावरच्या गोळ्यांचे तसे नाही: लॅपाटिनिबमुळे क्यूटी वाढू शकते आणि टुकाटिनिब सीवायपी ३ए४ ला जोरकसपणे अडवते, त्यामुळे बस्पिरोन व अल्प्राझोलाम या दोन्हींबाबत जपून राहावे लागते. यकृतात आजार पसरला असेल, तर जवळजवळ प्रत्येक गोळीची मात्रा नव्याने ठरवावी लागते. मेंदूत पसरला असेल, तर झटक्यांचा धोका वाढवणारे ब्युप्रोपिऑन टाळावे.

पाचवी पायरी: लगेच उतार देणारी गोळी की रोजची गोळी

लोराझेपाम, क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम आणि डायझेपाम या गटातील गोळ्या अर्ध्या-एक तासात शांत करतात आणि म्हणूनच रुग्णांना त्या हव्याहव्याशा वाटतात. एमआरआयच्या बंदिस्त नळीत शिरण्यापूर्वी, केमोच्या आदल्या रात्री किंवा रुग्णालयाच्या वासानेच उलटी येऊ लागते तेव्हा लोराझेपामची एखादी छोटी मात्रा खरोखर मोलाची असते. लोराझेपाम सीवायपी विकरांवर अवलंबून नसते, त्यामुळे कर्करोगाच्या गोळ्यांशी त्याची टक्कर कमी होते आणि यकृत दुबळे असतानाही ते तुलनेने सोयीचे ठरते. त्या दिवशी वाहन मात्र चालवू नये.

अडचण रोज घेण्यात आहे. काही आठवड्यांतच शरीराला सवय लागते, त्याच मात्रेचा परिणाम घटतो आणि गोळी चुकली की पहिल्यापेक्षा अधिक चिंता उसळते. केमोमुळे आधीच मंदावलेली स्मरणशक्ती आणि एकाग्रता आणखी मंदावते. वयस्कर रुग्ण रात्री उठताना पडतात. सर्वांत गंभीर बाब म्हणजे मॉर्फिन, फेन्टानिल किंवा ट्रॅमाडॉल यांच्यासोबत किंवा मद्यासोबत या गोळ्या घेतल्यास श्वास मंदावून जिवावर बेतू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये या जोडीबद्दल सर्वांत ठळक स्वरूपाचा इशारा दिला आहे. वेदनेसाठी अशी औषधे आवश्यकच असतील, तर दोन्ही देणाऱ्या डॉक्टरांना एकमेकांनी लिहिलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या दिसल्या पाहिजेत.

काही आठवड्यांपेक्षा अधिक काळ औषध लागेल असे दिसत असेल, तर रोजची गोळी योग्य. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन आणि व्हेन्लाफॅक्सिन यांचा पूर्ण गुण येण्यास दोन ते सहा आठवडे लागतात. गंमत अशी की पहिल्या आठवड्यात बेचैनी उलट थोडी वाढू शकते आणि नेमक्या त्याच वेळी बरेच जण गोळी सोडून देतात. बस्पिरोनची सवय लागत नाही आणि त्याने गुंगीही फारशी येत नाही, परंतु तेही दोनचार आठवडे नियमित घ्यावे लागते. प्रीगॅबालिन यकृतातील विकरांना शिवतही नाही आणि नसांच्या वेदनेवरही चालते, म्हणून गुंतागुंतीच्या यादीत ते सोयीचे वाटते. मात्र ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, चक्कर आणते आणि हातापायांवर सूज आणू शकते. शस्त्रक्रियेनंतर हाताला सूज राहिलेल्या रुग्णाने हे आवर्जून सांगावे. प्रोप्रॅनोलॉल केवळ धडधड आणि थरथर आवरते. दमा किंवा कमी रक्तदाब असल्यास ते नको.

सहावी पायरी: आधीपासून चालू असलेले औषध बदलायचे असल्यास

अनेक रुग्ण कर्करोगाच्या आधीपासून पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन घेत असतात आणि त्यावर स्थिर असतात. टॅमॉक्सिफेन सुरू होणार हे कळताच पॅरॉक्सेटिन एका दिवसात थांबवले, तर चक्कर, मळमळ, रडू येणे आणि तीव्र अस्वस्थता असा त्रास होतो. ते पायरीपायरीने उतरवत दुसरे औषध चढवावे लागते. फ्लुओक्सेटिनची गोष्ट उलटी आहे: ते शरीरातून इतके सावकाश जाते की थांबवणे सोपे, पण विकरावरचा अडथळा शेवटच्या गोळीनंतरही काही आठवडे टिकतो. म्हणून हा बदल टॅमॉक्सिफेनच्या पहिल्या गोळीच्या आधीच आखलेला बरा. शस्त्रक्रिया, केमो किंवा रेडिएशन यांच्या काळात त्यासाठी पुरेसा अवधी मिळतो. जुने औषध सोडून मन पुन्हा कोसळण्याचा धोका फार मोठा असेल, तर रजोनिवृत्ती झालेल्या रुग्णाला टॅमॉक्सिफेनऐवजी अरोमाटेझ इन्हिबिटर देता येईल का, हा प्रश्न कर्करोगतज्ज्ञांना जरूर विचारावा. बदल नेहमी मनाच्याच औषधात करायचा, असा काही नियम नाही.

शस्त्रक्रिया व्हायची असेल, तर आणखी एक गोष्ट. काखेतील पहिली लसिका ग्रंथी शोधण्यासाठी काही ठिकाणी मेथिलीन ब्लू हा निळा रंग वापरतात. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन घेणाऱ्या व्यक्तीत या रंगामुळे सिरोटोनिनची पातळी धोकादायकरीत्या वाढू शकते. गोळी स्वतःहून बंद न करता ती चालू असल्याचे शल्यचिकित्सकांना आणि भूलतज्ज्ञांना आधी सांगावे. दुसरी पद्धत त्यांच्याकडे असते. ट्रॅमाडॉलबाबतही हीच खबरदारी लागू होते. ताप, खूप घाम, स्नायूंना झटके आणि गोंधळलेली अवस्था ही सिरोटोनिन वाढल्याची लक्षणे असून त्यांवर तत्काळ उपचार लागतात.

वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक नव्हे

सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती सीवायपी ३ए४ चा वेग वाढवते. परिणामी अनेक कर्करोगविरोधी औषधे शरीरातून लवकर निघून जातात. उपचार चालू असताना ती पूर्णपणे टाळावी. चिंतेसाठी घेतल्या जाणाऱ्या कावा या वनस्पतीमुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत, अश्वगंधेच्या गोळ्यांबाबतही तशा नोंदी आहेत आणि तिने थायरॉइडची पातळी वर जाऊ शकते. गांजापासून काढलेले सीबीडी तेलही यकृतातील विकरांत ढवळाढवळ करते. ग्रेपफ्रूटचा रस सीवायपी ३ए४ ला अडवतो, म्हणून सीडीके ४/६ रोधक घेताना तो पिऊ नये.

सातवी पायरी: सुरुवात, पाहणी आणि उतरण

नेहमीच्या मात्रेच्या निम्म्याने सुरुवात करून एक-दोन आठवड्यांनी मात्रा वाढवणे हा बहुतेक वेळा चांगला मार्ग ठरतो. औषध सुरू झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत एकदा बोलणे व्हावे आणि चार ते सहा आठवड्यांनी जीएडी-७ पुन्हा भरावी. वयस्कर रुग्णांत, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असल्यास, पहिल्या महिन्यात सोडियम तपासावे. ते उतरले की डोकेदुखी, सुस्ती आणि गोंधळ दिसतो आणि घरचे लोक त्याला ‘केमोचा थकवा’ समजून बसतात. वय २५ पेक्षा कमी असल्यास सुरुवातीच्या काळात आत्महत्येच्या विचारांकडे विशेष लक्ष असावे. लैंगिक इच्छा घटणे हा या गोळ्यांचा वारंवार आढळणारा दुष्परिणाम आहे. हार्मोनच्या उपचारांनी तो त्रास आधीच असतो, आणि लाजेखातर तो न सांगितल्याने कित्येक जण गुपचूप गोळी बंद करतात. सांगितल्यास मात्रा किंवा औषध बदलता येते. गर्भधारणेची शक्यता असेल किंवा बाळाला अंगावर पाजणे चालू असेल, तर तेही निवडीच्या आधी सांगावे.

सहा आठवडे पुरेशा मात्रेत घेऊनही गुण आला नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांचे मत घ्यावे. कर्करोगाच्या रुग्णांवर काम करणारे तज्ज्ञ असतील तर उत्तमच. गुण आल्यावर औषध साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात. ते उतरवण्यासाठी उपचारांतील तुलनेने शांत काळ निवडावा. स्कॅनचा महिना किंवा नवी केमो सुरू होण्याचा आठवडा त्यासाठी योग्य नाही. लोराझेपामसारखी गोळी महिनोन्महिने रोज घेतली असेल, तर ती एकदम थांबवल्याने झटकेही येऊ शकतात, त्यामुळे तिची उतरण अनेक आठवड्यांची असते. आणि टॅमॉक्सिफेनवरून लेट्रोझोलवर, किंवा लेट्रोझोलवरून रायबोसिक्लिबच्या जोडीवर, असा कर्करोगाचा उपचार जेव्हा जेव्हा बदलेल, तेव्हा पहिल्या पायरीवरचा तो कागद पुन्हा काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावा.